नाडीची गोळी आणि खोकल्याची गोळी

मा. संपादक,
स.न.

माझ्या यजमानांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे. या आजारात हृदयाचा स्नायू ताणला जाऊन हृदय मोठं होतं आणि पंपिंग घटतं. पहिल्या इकोत त्यांचा ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, २८ टक्के होता. मेटोप्रोलॉल हे नाडी कमी करणारं औषध चालू असूनही नाडी ८८ च्या खाली येईना, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी इव्हाब्रॅडीन ही नाडी मंद करणारी आणखी एक गोळी जोडली. नाडी ६४ वर आली आणि जिना चढताना लागणारा दम कमी झाला.

गेल्या पावसाळ्यात त्यांना खोकला झाला. जवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं. आधीपासून काय चालू आहे हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते भिंतीला धरून खाली बसले. बीपीच्या मशीनवर नाडी ३८! दोन रात्री आयसीयूत काढल्या.

नंतर कळलं, इव्हाब्रॅडीनचा निचरा यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतो तेच क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं, त्यामुळे गोळी रक्तात साठत जाते. बुरशीवरच्या केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोलचंही तसंच. बीपीसाठी अनेकांना दिली जाणारी डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिलही हिच्यासोबत चालत नाहीत. हे सगळं औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो, तेव्हा ते पत्रक आमच्या हातात येतच नाही.

हे वाचून कृपया कोणी इव्हाब्रॅडीन बंद करू नये, ती कामाची आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘शिफ्ट’ या चाचणीत हार्ट फेल्युअरचे (हृदयाचं पंपिंग अपुरं पडणारे) साडेसहा हजारांवर रुग्ण होते. ईएफ ३५ किंवा त्याहून कमी, लय नियमित आणि नाडी ७० किंवा त्याहून जास्त, असे. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावून रुग्णालयात भरती, हे दोन्ही मिळून १८ टक्क्यांनी कमी झालं. एकूण मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही. आणि २०१४ च्या ‘सिग्निफाय’ या दुसऱ्या चाचणीत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असूनही हार्ट फेल्युअर नसलेल्या १९ हजारांवर लोकांना ती दिली, तर फायदा झालाच नाही. अंजायनाचा (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा) जास्त त्रास असलेल्यांत उलट धोका वाढलेला दिसला. म्हणून ‘नाडी जोरात चालते’ एवढ्यावरून शेजाऱ्याची गोळी मागून घेणं मला फार भीतीचं वाटतं. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या आजारात लय कायमची बिघडली असेल तर ही गोळी उपयोगाचीच नाही. ते ईसीजीवरच कळतं.

आणखी एक. सुरुवातीला यजमानांना अंधारातून उजेडात येताना डोळ्यांपुढे लख्ख चमक दिसायची. मोतीबिंदू समजून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हाही याच गोळीचा परिणाम, बहुधा आपोआप ओसरणारा. आधी कोणी सांगितलं असतं तर धास्ती वाचली असती. रात्री गाडी चालवणाऱ्यांना तर हे सांगायलाच हवं.

हृदयरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे : पहिल्याच चिठ्ठीवर चार ओळी मराठीत लिहा. कोणत्या गोळ्या हिच्यासोबत घ्यायच्या नाहीत आणि नाडी किती खाली गेली की फोन करायचा, एवढंच. आम्ही तसा कागद आता स्वतःच करून त्यांच्या खिशात ठेवला आहे.

— एक वाचक, मिरज