लॉक बसलं का?

सोमवार, पहाट
डेट्रॉइटजवळ

प्रिय बंड्या,

फेब्रुवारीतल्या तुझ्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आठ महिने झाले. कामाचं कारण सांगणार नाही, ते तुला पटायचं नाही आणि खरंही नाही. आज लिहायला बसलो, कारण परवा रात्री गॅरेजमध्ये जे झालं ते इथं कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं, ती म्हणाली, "वेळेवर बघितलंत, बरं झालं." तिचं बरोबरच आहे. पण त्या गोष्टीचा अर्धा भाग तुझ्याकडे आहे. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी विषय बदलीन, म्हणून पत्र. सगळं वाचून झाल्याशिवाय फोन करू नकोस, एवढं ऐक.

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, साखर काठावर.

होंडाचे फोटो पाठवले होते ते आठवत असतील. १९७६ ची सीबी ५५० मोटरसायकल, एका शेतकऱ्याच्या कोठारात वीस वर्षं उभी होती. मला वाटलं होतं इंजिन त्रास देईल. इंजिन मोकळं निघालं. चारही कार्ब्युरेटर साफ झाले. गाडी अडली कुठं, तर हँडलवरच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपाशी, लिव्हर दाबली की ऑइल ढकलतो तिथं. आणि तिथंही पिस्टन नंतर, आधी लॉक, पिस्टन बाहेर येऊ न देणारी ती स्प्रिंगची कडी.

तू आता डिस्कब्रेकचं काम रोज बघत असशील, पण हे जुनं होंडाचं वेगळं आहे. लिव्हर काढली, रबरी टोपी काढायला गेलो तर ती खारकेसारखी वाळलेली, हातातच चुरा झाला. खाली बोगद्यात बघितलं तर ते लॉक, म्हणजे सर्क्लिप, बोटाच्या पेराएवढी आत. भोक १४ मिलीमीटरचं. त्यात पक्कड घालायची, दोन्ही टोकं लॉकच्या कानांत बसवायची, आणि मग ती दाबायलाही जागा हवी. साधी पक्कड आत जाते, पण दाबली की तिचे पाय भिंतीला टेकतात. आणि कान दिसायला तर हवेत! पांढरा खडा साचून सगळं एकजीव झालेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. यात वीस वर्षं तेच. अॅल्युमिनियमच्या खाचेत स्टीलची क्लिप आणि मध्ये ते पाणी. अॅल्युमिनियम पांढरं फुलतं, फुललं की जास्त जागा खातं, आणि क्लिपला दोन्ही बाजूंनी आवळतं.

पहिल्या दिवशी सुईनं कानांची भोकं कोरली. हिची शिवणाची सुई, तिला विचारून घेतली. मग गंज सोडवायचं तेल टाकून तीन दिवस वाट बघितली. रोज संध्याकाळी कामावरून येऊन दोन थेंब, जशी तुझी आई तुळशीला पाणी घालायची. नंतर हीट गन लावली. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे खाच थोडी सैल होणारच. ज्योत लावली नाही, ब्रेक ऑइलचा धूर छातीत जातो. तरी हलेना. मग लक्षात आलं की आतली स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि पिस्टन लॉकला ढकलतो. ते ओझं असेपर्यंत लॉक खाचेत फिरणार कसं? ड्रिलच्या स्टँडमध्ये सिलिंडर उभा धरला, मोटर बंद, चकमध्ये लाकडाचा गोल दांडा, आणि दांडा खाली आणून पिस्टन दोन मिलीमीटर आत दाबून ठेवला. बंड्या, ते लॉक त्या वेळी एवढंसं हललं. पाहुण्यानं खुर्चीत कूस बदलावी तेवढंच. मी एकटाच गॅरेजमध्ये "हाय रे पठ्ठे!" ओरडलो.

पक्कड ग्राइंडरवर तासली. दोन सेकंद घास, पाण्यात बुडव, परत घास, नाहीतर टोकाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ते शेवयांसारखं वाकतं. हे आपल्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मामांनी शिकवलेलं. तासलेली टोकं कानांत बसली, दाबली, आणि डावा कान तुटला.

मग दात कोरायच्या आकड्यासारखं एक हत्यार असतं, ते क्लिपच्या टोकाखाली घालून आत ओढत ओढत, भिंतीला ओरखडा न पाडता, सव्वा तासानं ती बाहेर आली. पिस्टन हवेच्या दाबानं काढला, फडक्यात धरून, नाहीतर गोळीसारखा जातो. आत काळा चीक. वरच्या ऑइलच्या किटलीत दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक टाचणीच्या टोकाएवढं. ते बारकं बुजलेलं. ते बुजलं की ऑइल परत येत नाही आणि ब्रेक सोडला तरी लागलेलाच राहतो. पोरीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार घालून ते मोकळं केलं. भिंतीवर एक खड्डा होता, पण पिस्टनचा रबरी वायसर जिथं फिरतो त्याच्या पलीकडे, म्हणून सिलिंडर ठेवला. यावर तू भांडशील. "नवीन टाक," म्हणशील. भांड. पण चेनच्या लॉकवरून आपण तिसऱ्या वर्षाला तीन दिवस अबोला धरला होता तसं करू नकोस. मेसमध्ये "त्याला सांग आमटी इकडे सरकव" असं तू मध्ये बसलेल्या देशपांड्याला सांगायचास, आणि तो बिचारा आमटी स्वतःच्याच ताटात ओतून घ्यायचा. क्लिपचं बंद तोंड चाकाच्या फिरण्याच्या दिशेला, हे तू म्हणालास तेच बरोबर होतं. त्या वेळी मान्य केलं नव्हतं, आता करतो.

आता मूळ गोष्ट.

शनिवारी संध्याकाळी नवीन किट घातलं. पिस्टन, दोन्ही रबर, स्प्रिंग, नवीन सर्क्लिप, तिची धारेची बाजू बाहेर. ब्रेकमधली हवा काढली. लिव्हर दगडासारखी घट्ट. पोरगी शेजारी उभी, हेल्मेट हातात. मोटरसायकलचं लायसन्स तिनं जूनमध्ये काढलं आणि तेव्हापासून ती या गाडीची वाट बघतेय. लहानपणापासून माझ्या गॅरेजमध्ये वाढल्यामुळे मामांचं वाक्य तिला पाठ आहे. तिनं विचारलं, "बाबा, लॉक बसलं का?"

मी म्हटलं, "बसलं."

पण मला "टक" ऐकू आलं नव्हतं. मामा म्हणायचे ना, "वाजलं पायजे. वाजल्यावर पकडीनं फिरवून बघायचं. खाचेत असंल तर गोल फिरंल." मी फिरवून बघितलं नव्हतं. उशीर झाला होता, ती थांबली होती, आणि वरून टोपी बसवून झाली होती. मी म्हटलं, "गाडी उद्या सकाळी बाहेर काढू."

दोन वाजता उठलो. टॉर्च घेतली, लिव्हर काढली, टोपी काढली. लॉक एका बाजूनं खाचेत होतं, दुसऱ्या बाजूनं काठावर नुसतं टेकलेलं. खाचेत तो पांढरा खडा राहिला होता, मी साफ केलाच नव्हता. आता म्हणशील, लिव्हरनं पिस्टन अडवलाच असता. अडवला असता, खरंय. पण ते लॉक तिरकं होऊन पिस्टनशेजारी अडकलं असतं, तर पुढचा ब्रेक लागून तसाच धरला असता. चालत्या गाडीचं पुढचं चाक जाम. आणि वर माझी पोरगी.

तिथं फरशीवर बसलो आणि मला होंडा दिसेनाच. तुझ्या दादाची आरएक्स १०० दिसायला लागली. वाघबिळाच्या उतारावर आडवी पडलेली, मागचं चाक जाम, ब्रेकचा रॉड पिळलेला. आणि तू रस्त्याच्या कडेला मनगट धरून बसलेला.

बंड्या, नट गळू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन मी घातली नव्हती.

पन्हाळ्याला गेलो तो रविवार. गुरुवारी हॉस्टेलवर पंक्चर झालं होतं. चाक मी काढलं, तू ट्यूब घेऊन विश्रामबागच्या पंक्चरवाल्याकडे गेलास. तू आलास तेव्हा अंधार पडला होता आणि लाइट गेले होते. चाक मीच बसवलं. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी ती पट्टी, तिचा नट मी आवळला. जुनी पिन काढताना तिचा एक पाय तुटला होता. नवीन पिन म्हणजे नाक्यापर्यंत जायला हवं होतं. मी ठरवलं, नट घट्ट आहे, उद्या घालू. तुटलेली पिन खिशात टाकली. शुक्रवारी सबमिशन, शनिवारी विसरलो. रविवारी येताना नट कधीतरी गळून पडला, उतारावर तू मागचा ब्रेक दाबलास, पट्टी सुटली, ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरली, रॉड पिळला. हे सगळं मला तिथंच, रस्त्यावर, पट्टी लोंबताना बघितल्याबरोबर कळलं होतं. दवाखान्यात तुझ्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा ती पिन माझ्या पँटच्या खिशात होती.

तू विचारलंस, "मागचं काम कुणी केलं होतं?" आदल्या आठवड्यात गाडी मामांकडे सर्व्हिसिंगला होती. मी म्हणालो, "मामांकडेच होती ना." तेवढंच म्हणालो. खोटं नव्हतं, पण तू त्यातून काय समजणार हे मला माहीत होतं. मंगळवारी आपण दोघं गॅरेजवर गेलो. तू काय काय बोललास ते तुला आठवत असेल, मी परत लिहीत नाही. चार गिऱ्हाइकं उभी होती. मामा एवढंच म्हणाले, "मी मागच्या चाकाला हात लावलेला नाही पोरांनो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, बंड्या. वीस वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसाला कळणार नाही का चाक कुणी बसवलंय? तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. रॉड सरळ करून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आपण त्या नाक्यावरून जाणंच सोडलं. तुझी ती कंपनीची मुलाखत गेली ती सहा आठवड्यांच्या प्लास्टरमुळे, आणि आजही पावसाळ्यात तुझं मनगट दुखतं हे वहिनींनी मागच्या खेपेला सांगितलं. मी चहा पीत होतो, तो तसाच खाली ठेवला.

इतकी वर्षं मी हे स्वतःशी सुद्धा पूर्ण वाक्यात बोललो नव्हतो. "काहीतरी सुटलं होतं" असं म्हणायचो. परवा त्या लॉकसमोर बसल्यावर वाक्य पूर्ण झालं. तोच हात आहे. पोरीला "बसलं" म्हणणारा आणि त्या अंधारात "उद्या घालू" म्हणणारा.

रागाव. शिव्या घाल. माझी बाजू नाही, म्हणून मांडत नाही.

रात्रभर बसून पिस्टन परत काढला. खाच लाकडी काडीनं कोरून कोरून साफ केली, लॉक बसवलं. वाजलं. पकडीनं धरून गोल फिरवलं, फिरलं. परत हवा काढली. उजाडल्यावर पोरीला उठवून खरं काय ते सांगितलं, काल मी न बघता बसलं म्हणालो होतो म्हणून. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टोपी काढा, मला बघू दे." तिनं स्वतः पक्कड घालून लॉक फिरवून बघितलं. मग मी आधी चार मैल फिरवून आणली, आणि नंतर ती गेली. चाळीस मिनिटांनी परत आली.

तुझं काय चाललंय? नवीन शेडला वीज मिळाली का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल आता. वहिनींना नमस्कार, आणि धाकट्यानं शेवटी मेकॅनिकल घेतलं की कॉम्प्युटर, ते कळव.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, पंधरा दिवस. तेव्हा मामांकडे जायचंय. ते आहेत का, कुठं राहतात, एवढं आधी शोधून ठेव. तुझ्याशिवाय दुसरं कुणी शोधू शकणार नाही. गॅरेज बंद झालंय असं देशपांडे म्हणाला होता, पण घर सांगलीतच असेल. मी त्यांना सांगणार आहे, त्यांच्या घरच्यांसमोर. ते नसतील तर त्यांच्या मुलाला सांगीन. तू सोबत आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी जाईन.

तुझा,
पक्या

ता. क. तासलेली पक्कड घेऊन येतोय. खोल बसलेल्या लॉकसाठी अशी तिकडे चटकन मिळणार नाही. तुझ्या शेडमध्ये राहू दे.