दवाखान्याचं पॉवरहाऊस वाढवा, पण जुनं आधी बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात सध्या बघावं तिथं दवाखान्यांवर मजले चढायला लागलेत, कुठं कॅथलॅब, कुठं नवीन एमआरआय, चांगलंच आहे की, पुण्याचा हेलपाटा वाचतो. पण मजले वाढले की लोड वाढतो, मग ट्रान्सफॉर्मर बदला, पॅनल बदला, मोठा जनरेटर घ्या, आणि हे सगळं आयसीयूत पेशंट व्हेंटिलेटरवर असताना करायचं. मी इलेक्ट्रिकल लाइनमधला माणूस, म्हणून लिहितोय.

सोपा मार्ग म्हणजे रविवारी सकाळी शटडाऊन घ्यायचा, जुनं काढायचं, नवं बसवायचं, संध्याकाळी चालू. कागदावर बसतं. पण एक केबल लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा जोड, चुकीच्या साइजचा निघाला की रविवार गेला, दुकानं बंद, आणि आयसीयू यूपीएसच्या बॅटरीवर. यूपीएस असतो लाईट गेल्यापासून जनरेटर लोड घेईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांसाठी, फार तर अर्धा तास ओढंल, त्याच्यावर दिवस काढायचा नसतो.

त्यापेक्षा जुनं पॉवरहाऊस, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पॅनल, जनरेटर सगळं, चालूच ठेवा, नवं शेजारी उभं करा, त्याला लोड बँक, म्हणजे टेस्टिंगसाठीचा खोटा लोड, लावून फुल लोडवर काही तास पळवा, विद्युत निरीक्षकांची परवानगी हातात घ्या आणि मग एकेक फीडर, म्हणजे एकेका विभागाला जाणारी लाइन, नव्यावर हलवा. आधी ऑफिस, लॉन्ड्री, ओपीडी, सगळ्यात शेवटी ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू, तेव्हा भाड्याचा जनरेटर जोडून तयार पाहिजे. ऑक्सिजन पीएसए प्लांटवर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर, असेल तर तो कॉम्प्रेसरसुद्धा लाइटवरच चालतो, तेव्हा जंबो सिलिंडर ऑक्सिजन लाइनच्या मॅनिफोल्डला आधीच लावून ठेवा.

प्रत्येक फीडर हलवल्यावर फेज सिक्वेन्स, म्हणजे तीन फेजचा क्रम, बघायचा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण दोन फेज अदलाबदल झाले की थ्री फेज मोटर उलटी फिरते. वॉर्डातले दिवे झकास लागतात, पंखे फिरतात, कुणाला काय कळत नाही, आणि तिकडं व्हॅक्यूम पंप उलटा, म्हणजे पेशंटच्या घशातली कफ ओढायला सिस्टर सक्शन लावतेय आणि ते ओढतच नाही. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरला आणि वॉर्डबॉयला शटडाऊनची वेळ आधी सांगा, नुसतं डीन आणि मेंटेनन्सवाल्यांच्या मीटिंगमध्ये ठरवून भागत नाही.

राहिली जागा. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघूनसुद्धा कुणी नवीन पॅनल बेसमेंटला बसवत असंल तर काय बोलायचं. जागा मिळत नाही, पार्किंग जातं, हे मला मान्य आहे, पण पॅनल आणि जनरेटर पूररेषेच्या वरच पाहिजेत. आणि डिझेलचं पण बघा. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, दिवसेंदिवस टँकर आले नाहीत, पंपांवर बोंब. पाचशे केव्हीएचा जनरेटर सेट फुल लोडवर ताशी शंभर लिटरच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला चोवीसशे लिटर. सेटच्या पोटातल्या टाकीवर किती वेळ निघणार? मोठी टाकी बसवायला परवाने लागतात, ते कागद पावसाळ्याच्या आधी हलवा.

भाड्याचा जनरेटर आणताना कॅनॉपीवालाच, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीतला, मागा, मांडववाल्याकडचा उघडा सेट नको, नाहीतर आवाजानं पेशंट जागे आणि शेजारची सोसायटी गेटवर.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर