दराब्याचा डबा परत पाठवतोय

धुळे,
आषाढ वद्य एकादशी

ती. नाना आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायचा दोनदा प्रयत्न केला. आई, तू "थांब, नानांशी बोल" म्हणतेस, आणि नाना "बरं बरं, पोरं बरी ना" म्हणून ठेवून देतात. म्हणून कागद घेतला. बापूदादा परवा इकडे येतोय, त्याच्या हाती देईन. त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आई, चष्मा लाव आणि तूच नानांना वाचून दाखव.

आधी दराब्याचं. धाकटीनं तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. डबा मी ऑफिसात वाटला. एवढं रवा-तूप-साखर फेटून फेटून तुझा खांदा धरला असेल, तो डबा तू एसटीच्या कंडक्टरला दहा वेळा बजावून पाठवलास, आणि मी तो झाकण उघडून टेबलावर ठेवून दिला. पंधरा मिनिटांत संपला. एक घास मी खाल्ला, हेही लिहितो, कारण देवासमोर तो कबूल करून झालाय. तू फोनवर "बरं" एवढंच म्हणालीस. त्या "बरं"नं मला दोन रात्री झोप आली नाही.

आणि आई, हे तुझ्या सुनेनं केलेलं नाही. तुझ्या मनात आलं असेल, मला माहीत आहे. ती तर म्हणत होती, "आईंचा डबा आहे, फ्रीजमध्ये ठेवू, थोडा थोडा खाऊ." नको म्हणालो तो मी. घरात राहिला असता तर रात्री अकराला उठून मीच संपवला असता. तुझा लेक कसा आहे ते तुला ठाऊक आहे. शेवेचा डबा कोनाड्यात उंच ठेवायचीस तू, तरी पाटावर पाट ठेवून काढायचो.

तर झालं असं. आमच्या कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात यंदा आषाढीपासून पंधरा-सोळा घरांनी मिळून चातुर्मासाचा नेम धरलाय. नाव ठेवलंय युक्ताहार. नाना, 'बेताचा आहार' हा अर्थ तुम्हाला सांगायची गरज नाही, गीतेचा सहावा अध्याय तुम्ही मला चौथीत पाठ करायला लावला होता. कार्तिकीपर्यंत चार महिने घरात साखर नाही, मैदा नाही, तळण नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, आणि जेवल्यावर सगळे मिळून देवळापर्यंत चालत, तिथं हरिपाठ. दर एकादशीला हरिपाठ झाला की सभामंडपाच्या कोपऱ्यात वजनकाटा. एक निवृत्त डॉक्टर आहेत कॉलनीत, ते आणि कीर्तनकार महाराज, दोघांनी मिळून हे बसवलंय.

आम्ही दोघांनी पोरांसकट संकल्पाचं पाणी सोडलंय. तुम्हाला विचारायला हवं होतं, निदान सांगायला तरी. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "वाळून गेलास आधीच, खाय रे पोरा," आणि मी विरघळलो असतो. म्हणून आधी पाणी सोडलं आणि आता सांगतोय.

कारण सांगतो. वैशाखात ऑफिसात सगळ्यांचं रक्त तपासलं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ६.५ पासून पुढे मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबऱ्यावर उभा आहे आणि आतून कुणीतरी "या बसा" म्हणतंय. वजन ८८. थोरला नववीत आहे आणि त्याची पँट माझ्या कमरेला बसते. घाबरू नका, उंबऱ्यावरून मागं फिरता येतं असं डॉक्टर म्हणाले. पण मोठ्या मामांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, ते मी इथं लिहीत नाही.

तुम्ही विचाराल, त्यासाठी देव कशाला मध्ये आणायचा? डॉक्टरचा कागद पुरत नाही का? नाही पुरत, नाना. दोन वर्षांपूर्वी जिमचे पैसे भरले, नऊ दिवस गेलो. कागद खिशात राहतो. पण तुमचा मुलगा असल्यामुळे एक खोड लागली आहे, विठ्ठलापुढे पाणी सोडलं की मोडताना हात अडखळतो. धाकटी परवा देवळात गाभाऱ्याच्या पायरीशी उभी राहून पुटपुटत होती, "मी एक चॉकलेट खाल्लं, पप्पांना सांगू नको." मी खांबामागं होतो. मी काही बोललो नाही, घरी येऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

सगळंच पटतं असं नाही. महाराज एकदा कीर्तनात म्हणाले, साखर म्हणजे पाप. ते मला टोचलं. लहानपणी तुम्ही वारीहून यायचात, खांद्यावरची पताका दाराशी टेकवायचात, आई पायावर पाणी घालायची, आणि तुमच्या पिशवीतून चुरमुरे, फुटाणे, बत्तासे निघायचे. पहिला बत्तासा माझ्या तोंडात. महिनाभर चालून आलेल्या माणसाच्या घामाचा आणि बुक्क्याचा वास त्या बत्ताशाला असायचा. ते पाप होतं असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. डॉक्टरांनीच मग तोड काढली. प्रसाद नाकारायचा नाही, पण तुळशीच्या पानावर मावेल एवढाच घ्यायचा.

आणि आई, खरी गंमत तर पुढे आहे. पहिल्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, घरात जुन्या पद्धतीचं काय काय बनतं? कुणी ओट्स म्हणालं, कुणी आणखी काही. मी म्हणालो, कळण्याची भाकरी. ते उठून उभे राहिले. ज्वारीत अख्खे उडीद दळून घेतलेली भाकरी, वर अंबाडीची भाजी, मुगाची डाळ, ताक. म्हणाले, याच्यापुढं मी काय लिहून देऊ? म्हणजे बघ, मी तुझ्या ताटावर फुली मारलेली नाही. तुझ्याच ताटातली एक बाजू उचलली आणि एक बाजू चार महिने बाजूला सारली. दराबा, शेवभाजीवरची तर्री, पुऱ्या ही ती दुसरी बाजू. १५ किलोचा तेलाचा डबा आमच्याकडे तीन महिने पुरायचा, आठवतं ना? आता महिन्याला दोन लिटर. पहिले आठ दिवस फोडणी रुसल्यासारखी वाटायची. आता लसणाशिवाय, कांद्याशिवाय, एवढ्याशा तेलातसुद्धा तुझी सून फौजदारी डाळ अशी करते की थोरला वाटी चाटतो. (तेलाशिवाय ती फौजदारी कसली, तलाठी म्हणा, असं तो म्हणतो.)

सतराव्या अध्यायात राजस आहार सांगितलाय ना नाना, तिखट, आंबट, खारट, अति गरम, जळजळीत. महाराज ते सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आपल्या पाटोडीचा रस्सा उभा राहिला. सगळी लक्षणं जुळली.

आज पंधरा दिवस झाले. वजन ८६.२. फार नाही, पण जिना चढताना कळतं.

आता तुमच्याकडे येतो, आणि इथं मी जरा मोठ्यानं बोलणार आहे. रागावू नका.

नाना, तुमची एकादशी. चाळीस वर्षांची माळ आहे तुमच्या गळ्यात, तुम्हाला मी काय शिकवणार. पण त्याच सहाव्या अध्यायात आहे, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. तुम्ही दोन्ही एकाच दिवशी करता! दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही, वर मधुमेहाची गोळी घेतलेली, आणि मग साबुदाण्याची ताटभर खिचडी, वर रताळ्याचा शिरा. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आईच म्हणते. साबुदाणा म्हणजे कंदाचं नुसतं पिठूळ सत्त्व, पोटात गेला की साखर होऊन रक्तात धावतो. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, आणि तेही सकाळपासून थोडं थोडं. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. मागच्या कार्तिकीला देवळात घाम येऊन हात थरथरले होते ते उन्हामुळं नव्हतं. साखर खाली गेली होती. खिशात खडीसाखर ठेवा. तसं झालं तर ती औषध म्हणून खायची, तेव्हा आमचा नेम तुम्हाला लागू नाही. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. एकदा केलीत, तेवढं पुरे.

रात्री झोपताना आईनं तुमच्या तळपायावर बॅटरी मारून बघायचं, बोटांच्या मधेही. केळीच्या बागेत अनवाणी जायचं नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवरही नाही, तुम्हाला चटका कळत नाही. पायाच्या अंगठ्याच्या त्या जखमेमुळं तुमची मुक्ताईची पालखी दोन वर्षं सुटली. ते तुम्हाला किती लागलंय ते मला माहीत आहे. पालखी गावावरून गेली त्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसलात आणि जेवला नाहीत, आईनं सांगितलं मला. वारीहून आलात की तुमची साखर दरवर्षी उतरलेली असायची, हे आत्ता माझ्या लक्षात येतंय. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या वर्षी निदान चार मुक्काम मी तुमच्यासोबत चालेन. हे पाणी न सोडता कबूल करतो.

आई, तू. तुझं बीपी कुणी विचारत नाही म्हणून तूही सांगत नाहीस. बिबडे, पापड, लोणचं, तिन्ही एका ताटात नको. उरलंय, वाया जाईल म्हणून शेवटी उभ्यानं खायचं नाही. ते गायीला घाल. साडेनवाला एकटी जेवतेस ते बंद कर, नानांसोबत बस. नाना वाढून घेतील, त्यांना येतं, वारीत घेत नव्हते का?

कानबाईच्या सणाला आम्ही चौघं येतोय, शनिवारी रात्रीच. देवीच्या प्रसादाच्या रोटाला नेम आड येणार नाही, ते मी देवळात आधीच विचारून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, कुळाचा रोट खा, फक्त सोमवारनंतर डबे बांधून आणू नका. तेव्हा आई, आधीच सांगतो, डबे बांधू नकोस. मांडे तू खापरावर टाकशील तेव्हा मी शेजारी बसेन आणि एक खाईन. एकच. मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजल्याची गोष्ट तू चुलीपाशीच सांगायचीस, ती या वेळी धाकटीला सांग.

आणि सोमवारी विसर्जन झालं की तुम्ही दोघं आमच्यासोबत धुळ्याला, एक महिना. नानांच्या डोळ्यांचा पडदा तपासायची वेळ मी घेऊन ठेवलीय. गाय आणि शेत बापूदादा बघेल, बोललोय. पुढची खोली तुमची. पलंग भिंतीला लावलाय, रात्री उठायला सोपं. कमोड बसवलाय, धरायला दांडीसहित. चहा बंद नाही नाना, घाबरू नका, सकाळी आणि चारला मिळेल, आलं घालून. साखर नसेल एवढंच. पेपर सहाला येतो. देवळात भजनी मंडळाला पखवाजाला माणूस हवाच आहे, तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. आई, तुझी गोधडी आण, आमच्या रजया तुला जड वाटतात.

भरीत नेमात बसत नाही, चंपाषष्ठीपर्यंत वांगं नाही. तेव्हा गावी येईन. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं, कळण्याच्या भाकरीसोबत. तेल मी ओतेन.

डबा बापूदादाकडे देतोय. रिकामा डबा परत देऊ नये हे तूच शिकवलंस, म्हणून तुझ्या सुनेनं त्यात फुटाणे आणि राजगिऱ्याचं पीठ भरलंय. झाकण जरा घट्ट बसतं, नानांकडून उघडून घे.

तुमचा,
लहान्या