आजीला व्हाउचर नको, तिकीट काढून दे

बाळा,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि व्हॉट्सॅपवर तुकड्या-तुकड्यात लिहिण्यापेक्षा सरळ मेल करतेय. यंदा दिवाळीला साड्या आणि मिठाईचे बॉक्स न देता सगळ्यांना कुठेतरी फिरायला जाता येईल असं काहीतरी द्यायचं हे तुझ्या डोक्यात आलं ना, ते मला मनापासून आवडलं. बाबा तर दिवसभर तेच सांगत होते सगळ्यांना. पण आजी-आजोबा, ताई-भाऊजी आणि कामाच्या मावशी, सगळ्यांना एकच व्हाउचर पाठवतो म्हणालास, ते मात्र करू नकोस. निदान आजी-आजोबांना तरी नकोच.

काका रिटायर झाले तेव्हा ऑफिसवाल्यांनी त्यांना रिसॉर्टचं व्हाउचर दिलं होतं, आठवतंय का? दोन रात्री, तीन दिवस, चांगल्या जाड कागदावर सोनेरी अक्षरात छापलेलं. काकांनी ते शोकेसमध्ये शाल-श्रीफळाच्या शेजारी उभं करून ठेवलं, येईल त्याला दाखवायचे. मग काकूंचे गुडघे, मग पाऊस, मग कुणाचं तरी लग्न, आणि शेवटी जायचं ठरलं तेव्हा फोन केला तर मुदत संपलेली. काका काही बोलले नाहीत पण त्यांना फार लागलं ते, कारण त्यांना वाटलं ऑफिसनं दिलेला मान आपण वाया घालवला. व्हाउचर दिलं की अर्धं काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं, तारीख त्यानं ठरवायची, अ‍ॅप त्यानं उघडायचं, ओटीपी त्यानं टाकायचा, कस्टमर केअरला फोन लावून त्यानंच बसायचं. तुझ्या वयाच्या माणसाला ते काहीच नाही, पण आजीला ओटीपी आला की ती घाबरून मलाच हाक मारते.

आणि तू २०,००० चं एकच कार्ड म्हणत होतास, ते मिळणार नाही. बँकेचं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमानं जास्तीत जास्त १०,००० रुपयांचंच असतं, त्यात परत पैसे भरता येत नाहीत, एटीएममधून काढता येत नाहीत, मुदत मात्र कमीत कमी एक वर्षाची द्यावीच लागते. एखादी कंपनी फक्त स्वतःकडेच चालणारं व्हाउचर काढते त्याला हे नियम लागू नाहीत, तिथे कंपनी लिहील ती मुदत आणि ती अट, म्हणून बारीक अक्षरातलं सगळं वाच. सुट्टीच्या दिवसांत चालतं का, अर्धे पैसे उरले तर राहतात का जातात, तिकीट रद्द केलं तर रोख परत येतात का परत क्रेडिटच गळ्यात मारतात, एवढं तरी बघच.

अजून एक, कंपनीकडे असं क्रेडिट पडून राहणं म्हणजे आपण तिला पैसे उधार दिल्यासारखंच असतं. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं थांबली, ज्यांचे पैसे आत होते ते अडकले. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांनी क्रेडिट म्हणून ठेवून घेतले होते, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल लागला. म्हणून क्रेडिट द्यायचंच तर ते लवकर वापरणाऱ्याला द्यावं.

तशी आपल्याकडे ताई आणि भाऊजी आहेत. भाऊजींची रजा कधी मंजूर होईल ते त्यांनाही माहीत नसतं, कुठे जायचं हेही ती दोघं आदल्या आठवड्यात ठरवतात, आणि बुकिंगचं सगळं ताईला तोंडपाठ आहे. त्यांना खुशाल कार्ड दे, फक्त एकाच विमान कंपनीचं नको, रेल्वे, हॉटेल सगळीकडे चालेल असं बघून घे. कोड तुझ्याही मेलमध्ये ठेव आणि मुदत संपायच्या दोनेक महिने आधी तिला आठवण कर, ती विसरते.

मावशींना रोखच दे, पाकिटात घालून. दिवाळीत त्या गावाला जातातच, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे जाणं-येणं त्यांना तसं परवडतं, बाकीच्या पैशांचं काय करायचं ते त्यांचं त्या ठरवतील. पोराची फी असेल, घरावरचे पत्रे असतील. त्यांच्या हातात कोड देऊन काय करणार त्या?

आता आजी. तिला गाणगापूरला जायचंय रे. ती स्वतःहून कुणाला म्हणणार नाही, पण गुरुवारी आरती झाली की हमखास विषय काढते, संगमावर भीमा-अमरजेचं पाणी किती असेल आता, माधुकरी मागायला अजून तेवढीच गर्दी असते का, असं. म्हणून तू तिला गाणगापूरच दे. तारीख धरून, तिकीट काढून, खोली बघून, आणि स्वतः बरोबर येऊन. दिवाळीनंतर लगेच जाऊया, दत्तजयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख ठरली की बुकिंग उघडेल त्या दिवशी सकाळीच बसायला लागेल. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे ती आहेच, पण खालच्या बर्थचा कोटा अजून आहे, तो एका तिकिटावर एकटं माणूस किंवा दोघंच असले तर मिळतो. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढ आणि तुझं-माझं वेगळं, सगळ्यांना एकाच पीएनआरमध्ये घातलंस तर तो कोटा जाईल आणि आजोबा मधल्या बर्थवर चढू शकत नाहीत. गाणगापूर रोडला उतरल्यावर पुढे वीसेक किलोमीटर आहे, तिथे शेअर रिक्षात कोंबून न्यायचं नाही, गाडी आधीच सांगून ठेव.

बाबा म्हणतात एसटीनं जाऊ, पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट आहे. पण ती सवलत महाराष्ट्रापुरतीच आहे आणि गाणगापूर कर्नाटकात येतं, शिवाय एवढा वेळ बसून आजीचे पाय सुजतात. येताना मात्र अक्कलकोटला उतरू, तिला स्वामींचंही दर्शन होईल.

पाकिटात काहीतरी हवंच असेल तर तिकिटाची प्रिंट काढून घाल, मोठ्या अक्षरात, तिला चष्मा लावून वाचू दे, तारीख, गाडी, बर्थ नंबर सगळं. ती ते अख्ख्या सोसायटीला दाखवेल. तिची बॅग तर आठवडाभर आधीच भरून तयार असेल.

तर तुझी रजा कधी मिळते ते आधी विचार, नोव्हेंबरच्या कुठल्या आठवड्यात जमेल ते मला कळव. आजी-आजोबांच्या आधार कार्डाचे फोटो खाली जोडलेत, आजीचं नाव तिकिटावर आधारवर आहे तसंच घाल. आणि जेवत जा वेळेवर.

आई