मिरजेच्या चाचांना, आमच्या बालगृहाकडून

आदरणीय चाचा,
सप्रेम जय भीम.

तुम्ही वाद्यं घडवणारे कारागीर; उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आमच्या मुलांसाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. मुलांचीही नावं आणि फोटो इथे नाहीत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यांची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

बालगृहात मे महिना फार जड जातो. ज्यांना आजी, मामा असं कुणी आहे ती मुलं गावाला जातात. बाकीची इथेच. सकाळी त्रिसरण-पंचशीलाची वंदना, आनापान म्हणजे श्वासावरचं ध्यान, नाश्ता, आणि मग अख्खा दिवस रिकामा. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला लोक आठवणीने फळं, वह्या, खाऊ घेऊन येतात. त्यांचे उपकार आहेतच. पण रांगेत उभं करून हातात पुडा देताना फोटो निघतो तेव्हा मोठ्या मुली माना खाली घालतात, ते बघवत नाही. आणि पेटी-ढोलकी आणून द्यावी असं सहसा कुणाला सुचत नाही. मुलांना पोटाइतकीच गाण्याचीही भूक असते, असं माझं ठाम मत आहे. बाबासाहेब एवढ्या व्यापात उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते. त्यांचा विचार वस्तीवस्तीत गेला तो गाण्या-नाट्याच्या जलशांमुळेही.

तुम्ही आलात ते आमची जुनी पेटी बघायला. भाता हवा सोडत होता, दोन-तीन सूर वाजतच नव्हते. व्हरांड्यात सतरंजी टाकून तुम्ही पेटी उघडलीत आणि पोरं भोवती जमली. मी त्यांना उठवायला लागले तर म्हणालात, "असू द्या ताई, बघितल्याबिगर कसं कळंल?" एकेका सुराची पितळी पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलीत, फुंकर मारून वाजवून दाखवलीत. पैसे तर घेतले नाहीतच, उलट पुढच्या खेपेला ढोलकी आणि दिमडी, म्हणजे डफासारखं छोटं चामड्याचं वाद्य, घेऊन आलात, आणि मग येतच राहिलात.

मिरजेला तुमच्या कारखान्यात नेलंत तो दिवस मुलं विसरणार नाहीत. आढ्याला टांगलेले ते वाळके भोपळे बघून आमचा सगळ्यात लहान म्हणाला, "एवढ्याची भाजी कोण खातं?" तुम्ही हातातलं काम ठेवून त्याला समजावलंत की हा कडू भोपळा, याचा तंबोरा होतो. मग तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावून दाखवलीत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवताना सगळे श्वास रोखून बघत होते, आणि एका जागी आवाज असा काही खुलला की पोरांनी टाळ्याच वाजवल्या. परत येताना दर्ग्यात थांबलो. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दाखवून, त्यांच्या आठवणीत इथे रात्र-रात्र गाणं चालतं, हे तुम्ही सांगितलंत.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहिले आहेत. पौर्णिमेला आमच्या मोठ्या मुली अष्टशील, म्हणजे एका दिवसाचं आठ नियमांचं व्रत, घेतात, आणि सातव्या शीलात गाणं-वाजवणं वर्ज्य आहे. हे कळल्यावर मुलांच्या गाण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवायचं तुम्हीच सुचवलंत. रोजे धरणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही देणगीदारांना आणि शेजाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. खुर्च्या मुलांनी मांडल्या, सरबत मुलांनी दिलं, भीमगीतं मुलांनी म्हटली. ढोलकीवर जी बसली होती तिची मान शेवटपर्यंत ताठ होती. एका गाण्याला थाप चुकली, तर तिने स्वतःच थांबवून पुन्हा सुरू केलं.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला साधनेचा काळ, सुरू होतोय. पावसाच्या हवेने दिमडी सैल पडली आहे, मुलं रोज चुलीजवळ धरून तापवतात, पण चामडं जळेल अशी मला भीती वाटते. पौर्णिमा टाळून एखाद्या रविवारी या. चाचींनाही आणा, जेवूनच जा. आणि या वेळी निदान चामड्याचे तरी पैसे घ्या.

तुमची,
बालगृहाची ताई, सांगली