ओरडणारं पोरगं ठेवल्याबद्दल

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. नाव कळलं की लोक मिक्सर घेऊन येतात, ही तुमची तक्रार मला पटली. पत्ताही देत नाही. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, एवढं पुरे. त्या गल्ल्यांत दुकानाला दुकान लागून आहे, ज्याला गरज असेल तो शोधेल. माझी जुनी, तुटलेली कॅसेट तुम्ही पुन्हा ऐकण्याजोगी करून दिलीत, त्याचे आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. ज्यांनी माझी कॅसेट धड हातात न घेताच परत केली, त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर मला मुळीच वाईट वाटणार नाही.

मधे एकदा तुम्ही विचारलं होतंत, "यात एवढं काय आहे?" माझ्या मागे एक गिऱ्हाईक चार्जर घेऊन उभं होतं, म्हणून "जुनी गाणी आहेत" म्हणून मी विषय संपवला. आज नीट सांगते.

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली सुरू केलेला. त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी गाणं म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. डिसेंबर आला की बाबा सतरंजी, थर्मास, मफलर अशी जय्यत तयारी करून निघणार. बाकी सगळा धांगडधिंगा. पण या बँडला कुठल्या खणात ठेवायचं ते बाबांना समजेना. गिटार आहे, ड्रम आहेत, म्हणजे धांगडधिंगा म्हणावा, तर मधे तबला, आणि तबला वाजवणाराच (तेच असीम चक्रवर्ती) गातोय! एक गाणं नर्मदेचं. शीर्षकगीत तर केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांचं जुनं स्तोत्र, त्यांच्या सुरियानी भाषेतलं. बास वाजवणारा राहुल राम अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेला आणि नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस. बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकायचे आणि "सुरात आहेत" म्हणून निघून जायचे. आमच्याकडे यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक देत नाहीत.

आमच्या टोळीला वाटायचं, हा बँड फक्त आपल्यालाच सापडलाय. टीव्हीवर सारखा दिसत नाही, लग्नाच्या वरातीत वाजत नाही, वर्गातल्या निम्म्या पोरांना नावही माहीत नाही. फर्ग्युसन रोडवर चहा पिताना दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव आलं, की आपल्या घरात परकं माणूस शिरल्यासारखा राग यायचा. पुढे पुण्याचा स्वतःचा 'अग्नी' बँड आला, २०१० पासून एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, असलं संगीत ऐकणाऱ्यांची मोठी जत्राच भरायला लागली. चांगलंच झालं. पण त्या आधीची ती आमची चोरटी मिजास काही परत आली नाही.

तर मी अकरावीत असताना एका कॉलेजच्या गॅदरिंगला हा बँड आला. एका मित्राची मावशी वार्ताहर होती. मुलाखतींसाठी वापरायचा आपला टेपरेकॉर्डर तिने आमच्या हवाली केला, का कशाला काही न विचारता. (त्या मावशीचे आभार मानायचे राहूनच गेलेत, ते इथेच मानून घेते.) मी तो स्वेटरच्या आत धरून बसले. आत टीडीकेची डी-९०, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. कुठलं गाणं भरायचं, कुठल्याला थांबवायचं, बाजू कधी पालटायची, यावरून आमची जी भांडणं झाली, तीही सगळी त्या कॅसेटवर आहेत. शेंगा फोडल्याचे आवाज आहेत. दर गाण्यानंतर आमच्यातला एकजण "कंदिसाऽऽऽ" अशी आरोळी ठोकतो. मागून एक बाई म्हणतात, "अहो, खाली बसा की, मागेही माणसं आहेत." ते तर गाण्याच्या ऐन मध्यात.

आता कळलं असेल, की "यूट्यूबवर आहे की" या उत्तरावर मी का चिडते. हे उत्तर मला ठिकठिकाणी मिळालं. कुणी "कॅसेट कोण ऐकतं हो आता" म्हणालं, कुणी मोबाइलमधून मान वर न करता हातानेच नाही म्हटलं. ते निदान फुकट होतं. एका स्टुडिओने पैसेही घेतले. काचेचं दार, एसी, भिंतीला काळा स्पंज. आठवड्याभराने पेनड्राइव्ह हातात ठेवून म्हणाले, "एकदम क्लीन करून दिलंय." घरी लावून पाहिलं तर टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, शेंगा नाहीत, बाई नाहीत. गाणारा पाण्याच्या टाकीत बसून गातोय असा आवाज. फोन केला, तर "मॅडम, नॉइज काढलाय." अरे बाबा, नॉइज म्हणजे आम्ही होतो! वर पट्टी कुठेतरी अडकून तुटली होती, ती तशीच आत कोंबून कॅसेट परत दिलेली. आणि बिलावर ठसठशीत अक्षरांत 'रिस्टोरेशन'.

त्यानंतर तुमच्याकडे आले ती खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कॅसेट कानाशी नेऊन हलवलीत, मग दिव्याखाली तिरकी धरलीत. चष्मा कपाळावर सरकवून पट्टीवरचे ते पांढरे ठिपके पाहिलेत. "बुरशी आहे. आतलं फेल्ट गळालंय. तुटलीयही. होईल. पण घाई असेल तर नाही होणार." इतकंच. खूप दिवसांनी कुणीतरी मला 'होईल' म्हणालं होतं आणि तेही कसला आव न आणता.

पुढे तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला समजलं नाही, आणि समजलं तेवढं सांगत बसत नाही. पण दोन वाक्यं विसरणार नाही. आवाज दबका का येतो असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्या मशीनवर भरलीय त्याचं हेड थोडं वाकडं असणार. मग आपलंही तेवढंच वाकडं करायचं, की आवाज उघडतो." आणि बोटभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरने, मान एका बाजूला कलती करून, ऐकत ऐकत तुम्ही एक बारीकसा स्क्रू फिरवत राहिलात. राखेतून निखारा वर यावा तसा असीम चक्रवर्तींचा आवाज वर आला. दुसरं वाक्य हिशेबाचं. "पाच सेंटिमीटर पट्टी पार चुरगळली होती, ती कापावी लागली. सेकंदभर गेलं ताई, सांगून ठेवतो. गाण्यात नाही, मधे सूर जुळवतात तिथे." कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते हे मला तेव्हा कळलं. तुम्ही सांगितलं नसतंत तर तो सेकंद गेल्याचं मला जन्मात कळलं नसतं. स्टुडिओवाल्यांनी अख्खं मैदान पुसलं आणि अवाक्षर काढलं नाही.

पण हे पत्र या कशासाठीच नाही. ते तुमच्या फोनसाठी आहे.

संध्याकाळची वेळ, माझ्या हाताला कणीक लागलेली, फोन खांद्याने कानाशी धरलेला. तुम्ही नमस्कार-चमत्कार न करता थेट म्हणालात, "ताई, मधे मधे एक पोरगं ओरडतंय. ते ठेवायचं ना?"

मला पटकन बोलताच येईना. तुम्हाला वाटलं फोन कट झाला, तुम्ही दोनदा "हॅलो" म्हणालात. मग मी "हो" म्हटलं. "मलाही वाटलंच," म्हणालात, आणि फोन ठेवून दिलात.

काका, त्या फोनने माझी किती समजूत घातली हे तुम्हाला ठाऊकही नसेल. एक तर तुम्ही ती कॅसेट बसून ऐकली होतीत. नुसती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात ढकलली नव्हतीत. दुसऱ्याच्या तरुणपणातला कलकलाट मुकाट्याने ऐकणं हे काही सोपं काम नाही, आम्हालाच आमचा कलकलाट आता सहन होत नाही. आणि ते पोरगं म्हणजे कचरा नसून कुणीतरी आहे, हे तुमच्या लक्षात आलं. तुमच्या प्रश्नातच कल कळत होता. तरीही तुम्ही विचारलंत. माझ्या वस्तूबद्दलचा निर्णय माझ्याकडे ठेवलात. आजकाल डॉक्टर विचारत नाहीत, सोसायटी विचारत नाही, मोबाइल तर स्वतःच्या मनाने फोटो 'सुधारून' मोकळा होतो. बुधवार पेठेतल्या एका माणसाला मात्र एका अनोळखी पोराची आरोळी पुसण्याआधी फोन करावासा वाटतो.

आपल्या गावाला तिरकस नकाराचं फार कौतुक. पाट्यांवर लेख येतात, पुस्तकं निघतात, पाहुण्यांना आपण त्या हौसेने वाचून दाखवतो. 'होईल' म्हणून गुपचूप करून देणाऱ्यांची पाटी कुठे नसते. मला मात्र माझ्या आयुष्यात तीच माणसं जास्त भेटली आहेत, विचार करते तसतशी आणखी आठवतात. त्या रात्री मैदानावरच्या वॉचमनने माझ्या स्वेटरचा चौकोनी फुगवटा नक्की पाहिला होता. तो दुसरीकडे बघत राहिला. असली माणसं आपण काही केलंय हे विसरूनही जातात, आणि आपण विसरत नाही हे त्यांना कधी कळत नाही.

असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी बँडने त्यांच्या आवाजातला अखेरचा अल्बम इंटरनेटवर चक्क फुकट दिला. त्याचं नाव '१६/३३० खजूर रोड', करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा पत्ताच. २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. बँड आजही आहे, नवी मंडळी आहेत, चांगलं वाजवतात. मी जाऊन ऐकलंही. पण तिथे माझ्या शेजारी कुणी शेंगा फोडत नव्हतं, आणि सगळे मोबाइल वर धरून उभे होते.

तुम्ही करून दिलेलं मी घरी एकटीने ऐकलं, मग टोळीला पाठवलं. ओरडणारं पोरगं आता टोरोंटोत असतं, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पदाचं नाव लांबलचक आहे. त्याचं उत्तर आलं, "हा मी नाही." त्याच्या आईला सदाशिव पेठेत जाऊन ऐकवलं. त्यांनी पहिल्याच आरोळीला ओळखलं. "त्याचाच. जेवायला बोलावलं की असाच ओरडायचा." मागच्या बाई कोण होत्या याचा पत्ता लागलेला नाही. त्या आमच्यापैकीच कुणाची तरी आई असाव्यात असा एक तर्क आहे.

तुम्ही तीनशे रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट ठेवून निघाले तर मागून हाक मारून दोनशे परत केलेत, वर "माझ्याकडे सुट्टे असतात" असं काहीसं घुश्शात. त्या दोनशेंचं काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही.

कॅसेट तुम्ही सांगितलंत तशी हवाबंद डब्यात ठेवली आहे, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. उगाच सारखी वाजवत नाही. बी बाजूच्या शेवटी आवाज अजून थोडा हेलकावतो. "दसऱ्यानंतर आणा, निवांत बघू," म्हणाला होतात, तशी आणते. टोरोंटोकर डिसेंबरात येणार आहे. त्यालाही दुकानात घेऊन येईन म्हणते. तुम्ही त्याला समोर उभं करून ओरडायला लावा आणि काय तो निकाल द्या. तुमचा कान आम्हा सगळ्यांना मान्य आहे, त्याच्या आईलासुद्धा.

आपली,
डी-९० वाली ताई