कोर्सचे बारा हजार भरू नकोस

नाशिक, भांडीबाजार
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक बसलं होतं, चार माणसं आणि त्यांची एक आत्या. पिंटरेस्टवरून, म्हणजे फोटो शोधून सेव्ह करायच्या त्या अॅपवरून, कमाई होते का आणि ती शिकवणारा बारा हजारांचा कोर्स घेऊ का, असं तू विचारत होतास, पण ते लोक नीट ऐकूही देत नव्हते. तुझ्या आवाजातली घाई मात्र ऐकू आली. तेव्हापासून जीव लागून राहिला आहे. फोनवर यातलं निम्मं राहून जाईल, म्हणून शटर ओढल्यावर लिहायला बसलो. आबा वर झोपलेत.

आधी तुला आलेल्या त्या व्हॉट्सअॅप मेसेजबद्दल. ‘पिंटरेस्टवर फोटो सेव्ह करा, प्रत्येक फोटोला 50 रुपये, घरबसल्या दिवसाला दोन हजार.’ बाळ्या, तो नंबर आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर. पिंटरेस्टचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, नुसतं नाव वापरतात. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, तिथेच माणूस फसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, ‘प्रीपेड टास्क’ म्हणून हजार भरायला लावतात, मग पाच, मग वीस. स्क्रीनवर तुझी रक्कम वाढताना दिसते आणि काढायला गेलास की ‘आधी टॅक्स भरा’. आमच्या गल्लीतल्या एका पोराने बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे असे घालवले. त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू एक रुपयाही भरला असशील तर लाज धरू नकोस, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव. जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

आता तो बारा हजारांचा कोर्स. तोही घेऊ नकोस. मी असाच एक घेतला होता, त्यापेक्षा कमी पैशांत, आणि त्यात जे शिकवलं ते सगळं पिंटरेस्टच्या स्वतःच्या मदतीच्या पानांवर फुकट लिहिलेलं आहे. बिझनेस अकाउंटही फुकटच मिळतं. कंपनीने काढल्यावर हातात आलेल्या रकमेतले बारा हजार म्हणजे तुझ्या घरचा महिन्याचा किराणा आणि धाकटीची फी. ते तिकडे जाऊ देऊ नकोस.

एक गोष्ट पक्की समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. पिंटरेस्ट आपल्याला फोटो टाकल्याचे पैसे देत नाही. 2010 साली सुरू झालेली ही अमेरिकेतली कंपनी, महिन्याला 50 कोटींहून जास्त लोक तिथे येतात, आणि तिची कमाई जाहिरातींवर चालते. 2021 मध्ये तिने अमेरिकेत फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांना बक्षिसाचे पैसे द्यायची एक योजना काढली होती, ती 2022 संपता संपता बंदही केली. तेव्हा ‘पिंटरेस्टवरून कमाई’ याचा अर्थ एवढाच, की फोटोवर दाबल्यावर माणूस जिथे पोचतो तिथे तुझं काहीतरी विकायला असलं पाहिजे. तिथे काही नसेल तर लाखो लोकांनी फोटो बघूनही हाती काही लागत नाही.

हे मला ठेच लागून कळलं. पहिल्या दोन महिन्यांत मी साठेक फोटो टाकले: हंडे, कळश्या, ताम्हणं, समया. लोक धडाधड सेव्ह करत होते, मी रात्री जागून आकडे बघायचो. आणि एकाही फोटोला लिंक लावलेली नव्हती. फोटो जगभर फिरले आणि त्यांच्यावर आमचा पत्ताच नव्हता. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसरी चूक दिवाळीची. धनत्रयोदशीच्या दिवशी मी मोठ्या हौसेने पितळी समया आणि पणत्यांचे फोटो टाकले. त्यांना माणसं मिळाली पौषात. ही जागा इन्स्टाग्रामसारखी नाही रे, जिथे रील दोन दिवसांत मरून जातं. इथे फोटो सावकाश मुरतो आणि मग वर्ष-वर्ष शोधात वर येत राहतो. लोक तिथे येतात तेच मुळी पुढचं ठरवायला: घर लावायचं आहे, लग्न आहे, सण आहे. म्हणून आता माझं पंचांग दोन-तीन महिने पुढे चालतं. गुढीवर पालथा घालायच्या तांब्याच्या गडूचे फोटो मी संक्रांतीला टाकतो. गणपतीची ताम्हणं आषाढात. परदेशातले लोक नाताळच्या भेटी शोधायला लागतात, त्यासाठी भाद्रपदातच तयारी. 2027 च्या सिंहस्थासाठी गंगाजलाच्या गडूंचे फोटो तर मी कधीच काढून ठेवलेत. 2015 च्या सिंहस्थात आबांनी गडू रामकुंडाच्या वाटेवर टोपलीत मांडून विकले होते, तुला आठवत असेल, तू त्यांच्याबरोबर बसला होतास.

आता घंगाळाची गोष्ट सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं.

दुकानाच्या माळ्यावर तांब्याची सात घंगाळं पडून होती, दोन कड्यांची, आबांच्या हातची, मठारलेली, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली. आता घंगाळात पाणी घेऊन आंघोळ कोण करतंय? तांब्याच्या भावाने मोडीत घालायची असं घरात ठरत आलं होतं. मी त्यांचे फोटो ‘घंगाळ’ या नावानेच टाकले होते. महिनोन् महिने काही नाही. मग एके दिवशी शोधाच्या चौकटीत नुसतं ‘कॉपर’ टाइप केलं आणि खाली लोक काय काय शोधतात ते उमटलं. ‘हॅमर्ड कॉपर प्लँटर’. म्हणजे झाड लावायची ठोक्यांची तांब्याची कुंडी! डोळ्यांसमोर चित्रं आली आणि त्यातली निम्मी आपल्या घंगाळाची सख्खी भावंडं वाटावीत अशी. शोधणाऱ्याच्या तोंडात जो शब्द आहे त्या शब्दाने वस्तूला हाक मारावी लागते, बाळ्या. आता मी शीर्षकात त्यांचा शब्द आधी लिहितो आणि वर्णनात ‘घंगाळ’ लिहून त्याचं मूळ काम सांगतो. आपलं नाव मी सोडलेलं नाही. आबांना ते आवडलं.

आणि शब्दांच्या पुढची गोष्ट म्हणजे चित्रावरून शोध. 2017 पासून तिथे ‘लेन्स’ म्हणून सोय आहे. समोरच्या वस्तूवर फोन धरला की तिच्यासारख्या दिसणाऱ्या वस्तू समोर येतात. एखाद्या दिवाणखान्याचा फोटो बघताना कोपऱ्यातल्या भांड्याभोवती बोटाने चौकट आखली की तेवढ्याच भांड्याचा शोध होतो. त्या माणसाला त्या वस्तूचं नाव माहीत नसलं तरी चालतं. आकार, रंग, पोत यांवरून मशीन जुळवणी करतं. आमच्यासारख्यांना हे केवढं मोठं आहे बघ: ज्याला ‘घंगाळ’ म्हणजे काय ते ठाऊक नाही, ‘मठारकाम’ हा शब्द ज्याने जन्मात ऐकला नाही, तो ठोक्यांच्या खुणांवरून आबांच्या हातापर्यंत येऊन पोचतो.

पण त्यासाठी फोटोत ते ठोके दिसले पाहिजेत. मी आधी दुकानातल्या फरशीवर, ट्यूबलाइटखाली फोटो काढायचो. तांबं काळपट दिसायचं आणि प्रत्येक भांड्याच्या पोटात माझाच फोन धरलेला हात उमटायचा. आता वाड्याच्या चौकात सकाळी आठच्या सुमाराला काढतो. आबांचं जुनं धोतर दोन दोऱ्यांवर ताणून त्यातून ऊन गाळून घेतो. भांडं आधी चिंच-मीठ लावून घासायचं, धुवायचं, लगेच कोरडं करायचं, नाहीतर डाग धरतं. त्या उजेडात एकेक ठोका वेगळा दिसतो, माशाच्या खवल्यासारखा, आणि कडेकडेने ते लहान होत जातात कारण तिथे आबा हातोडा हलका धरतात. साच्यातल्या भांड्यावर सगळे ठोके एकसारखे असतात. हा फरक नजरेत आला की गिऱ्हाईक भावाची घासाघीस फार करत नाही.

मापाचं म्हणशील तर उभा फोटो, दोनास तीन या प्रमाणात, 1000 बाय 1500 पिक्सेल. शीर्षकाला 100 अक्षरं मिळतात. एवढं पुरे, बाकीच्या बारीकसारीक युक्त्या मागे लागण्यासारख्या नाहीत.

पहिली ऑर्डर यायला मला आठ महिने लागले. तो दिवस कोरून ठेवलाय. पावसाळ्यात गोदावरी चढली होती, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याची बातमी आली आणि भांडीबाजारात सगळे माल वर चढवायला लागले. मी आणि कामावरचा पोरगा पराती माळ्यावर देत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बंगळुरूच्या एका बाईंना दोन घंगाळं हवी होती, व्हरांड्यात अळू लावायला. गुडघाभर भिजलेला मी जिन्यावर बसून आबांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, “तळाला भोक पाडू नका म्हणावं.” मी ते तस्संच कळवलं. त्यांनी आत प्लास्टिकची कुंडी ठेवली आहे.

खरं सांगतो, आजही यावर एकट्यावर घर चालणार नाही. बरा महिना असला तर खर्च वजा जाता नऊ-दहा हजार, श्रावणात त्याहून कमी. गेल्या महिन्यात फोटो लाखाच्या वर वेळा दिसले, त्यातून आमच्या पानावर आले तीनेकशे, आणि ऑर्डरी पाच. म्हणून मी आता फक्त ‘आउटबाउंड क्लिक’चा आकडा बघतो, म्हणजे किती जण फोटोतून उठून आपल्या दारात आले. बाकीच्या आकड्यांनी छाती फुगते, गल्ला भरत नाही.

दुसरे रस्ते आहेत. अॅफिलिएट म्हणजे दुसऱ्यांच्या मालाची लिंक लावून दलाली घेणं. पिंटरेस्टने अशा लिंका 2015 मध्ये बंद केल्या होत्या, 2016 पासून पुन्हा चालतात. जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. मी करून बघितलं, मिक्सर आणि चादरींचे फोटो टाकले, पण त्यात माझं मन लागलं नाही आणि पैसाही फुटकळ. काही जण ब्लॉग लिहितात, रांगोळ्या, ब्लाउजचे गळे, आणि पिंटरेस्टवरून माणसं आणून गूगलच्या जाहिरातींवर कमावतात. तिथे 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि तेवढे जमायला लिहिण्याचा दम लागतो. तुला लिहिण्याचा कंटाळा, हे मला शाळेपासून माहीत आहे.

तुझ्या घरात काय आहे ते मात्र तुला दिसत नाहीये, म्हणून एवढा पसारा लिहिला. वहिनींच्या गोधड्या!

मागच्या दिवाळीला तुमच्याकडे मी जी पांघरून झोपलो, जुन्या नऊवारीची, कडेला काकूंच्या हिरव्या लुगड्याचे काठ लावलेली, तिचे टाके मी सकाळी उठून बोटाने मोजत बसलो होतो. पिंटरेस्टवर हाताने शिवलेल्या, तुकडे जोडलेल्या पांघरुणांचा केवढा शोध आहे, तू स्वतः जाऊन बघ. घंगाळाला ठोका तसा गोधडीला टाका. यंत्राचा टाका आणि हाताचा टाका फोटोत कळतो. शिवाय गोधडी पाठवायला सोपी. माझ्या दोन भांड्यांना वाटेत पोचे पडले, नवीन पाठवावी लागली, महिन्याचा नफा त्यात गेला. गोधडीला पोचा पडत नाही. परदेशात पाठवायची वेळ आली तर आयात-निर्यातीचा कोड ऑनलाइन निघतो, सरकारी फी 500 रुपये, आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, कागदपत्रं तिथेच होतात. माझं एकदा झालंय, मी बरोबर येईन.

नोकरी शोधणं थांबवू नकोस. वाळूजला नाही तर इकडे अंबड-सातपूरला मी विचारतोच आहे, एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला माणूस हवाय असं कानावर आलंय. हे गोधडीचं काम त्याच्या जोडीने, आठवड्याला पाच-सहा फोटो, वर्षभर. आणि वहिनींना आधी विचार. काम त्यांचं आहे, तेव्हा भावही त्यांनीच ठरवायचा आणि पैसेही त्यांच्या खात्यात. एका गोधडीला त्यांचे किती दिवस जातात ते आजपासून वहीत लिहायला सांग, नाहीतर आपण माणसं नुसत्या कापडाचा हिशेब करतो.

येत्या शनिवारी दोघं या. तीन गोधड्या आणा, ती हिरव्या काठाची नक्की, ती विकायची नाही, फक्त फोटोसाठी. संध्याकाळची एसटी धरलीत तर ठक्कर बाजारला मी घ्यायला येतो. रविवारी सकाळी आठला चौकात ऊन येतं, धोतर मी आदल्या रात्रीच बांधून ठेवतो.

आबांनी तुझ्यासाठी एक गडू बाजूला काढून ठेवलाय. कुणालाच देत नाहीत, विचारलं की म्हणतात, तो बाळ्याचा आहे.

तुझा,
बंडू